चॅनेल बदलताना जाणारे दहा सेकंद: घरच्या मीडिया सर्व्हरची खरेदी

रिमोटचं बटण दाबल्यापासून चित्र दिसेपर्यंत दहा सेकंद गेले की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "यापेक्षा आपला जुना सेटटॉप बॉक्स बरा होता." आणि मीडिया सर्व्हर, म्हणजे टीव्ही आणि चित्रपट घरभर पुरवणारा संगणक, मांडणारा लगेच नव्या प्रोसेसरच्या किमती बघायला लागतो. खरेदीतली पहिली चूक इथेच होते. त्या दहा सेकंदांत प्रोसेसरचा वाटा किती, हे आधी मोजायला हवं.

इथे जी मांडणी धरली आहे ती अशी: गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री, तिची केबल एका ट्यूनरमध्ये (उपग्रहाचा सिग्नल पकडणारं उपकरण), ट्यूनर एका लहान संगणकाला जोडलेला, त्यावर दोन सॉफ्टवेअरं: चॅनेल उचलायला टीव्हीहेडएंड आणि घरभर दाखवायला जेलीफिन. त्याच सर्व्हरवर चित्रपट आणि घरचे व्हिडिओही आहेत. खासगी डीटीएचचं कार्ड अशा ट्यूनरात चालत नाही, त्यांचे प्रवाह कुलूपबंद असतात. फ्री डिशवरची मोकळी चॅनेलं मात्र सरळ उचलता येतात.

आता ते दहा सेकंद. ट्यूनरला दुसऱ्या ट्रान्सपॉन्डरवर (उपग्रहावरचा प्रक्षेपक, एकेकावर अनेक चॅनेलं असतात) जाऊन लॉक व्हायला, म्हणजे सिग्नल पक्का पकडायला, अर्धा ते एक सेकंद. मग की-फ्रेमची वाट. चित्र अधल्यामधल्या फ्रेमपासून उभं राहत नाही, पूर्ण फ्रेम यावी लागते आणि ती ठरावीक अंतरानेच येते, म्हणजे आणखी साधारण अर्धा ते एक सेकंद. त्यानंतर जेलीफिनच्या पोटातलं एफएफएमपेग, म्हणजे व्हिडिओ एका स्वरूपातून दुसऱ्यात बदलणारं सॉफ्टवेअर, या प्रवाहात चित्र कुठलं, आवाज कुठला हे तपासतं. त्याला तीनेक सेकंद. मग सगळ्यात मोठा तुकडा: ब्राउझरला किंवा फोनला प्रवाह सलग जात नाही, तीन-तीन सेकंदांचे तुकडे पाडून जातो आणि एक-दोन तुकडे हातात आल्याशिवाय प्लेअर सुरूच होत नाही. थेट प्रक्षेपणात तीन सेकंदांचा तुकडा भरायला तीन सेकंदच लागतात, कारण पुढचा मजकूर अजून उपग्रहावरून खाली आलेलाच नसतो. चिप दहापट वेगवान घेतली तरी चौथ्या सेकंदाचं चित्र दुसऱ्या सेकंदाला मिळणार नाही. बेरीज करा, सात ते अकरा सेकंद झाले. यात चिपचं स्वतःचं काम सेकंदभरही नाही.

उशिरा सुरू होणं आणि मध्येमध्ये अडकणं हे दोन वेगळे आजार आहेत. चिप कमी पडली तर चित्र सुरू होतं, पाच-सात सेकंद चालतं, थांबतं, गोल फिरतं, पुन्हा चालतं. फक्त सुरुवात उशिरा होत असेल आणि नंतर तासभर सुरळीत चालत असेल, तर सर्व्हरच्या हार्डवेअरवर एक रुपयाही घालू नये.

वरून येतं काय आणि समोर बसलंय कोण

फ्री डिश जीसॅट-१५ वरून येतं, ९३.५ अंश पूर्व. तिथली बरीचशी चॅनेलं अजून एमपेग-२ या जुन्या व्हिडिओ स्वरूपात, ७२० बाय ५७६ किंवा त्याहून कमी रुंदीची, इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेघांच्या दोन भागांत येणारी), सेकंदाला २५ फ्रेम, आणि आवाज एमपीटू स्वरूपात. काही चॅनेलं डीव्हीबी-एसटू या नव्या उपग्रह-प्रक्षेपण पद्धतीवर, एच.२६४ या नव्या व्हिडिओ स्वरूपात आहेत. एखादं एमपेग-२ मधलं चॅनेल, समजा सह्याद्री, फोनच्या क्रोममध्ये उघडा आणि जेलीफिनच्या डॅशबोर्डवर ट्रान्सकोडिंगचं, म्हणजे स्वरूप बदलून पाठवण्याचं, कारण बघा. व्हिडिओ कोडेक (दाबण्याची पद्धत) चालत नाही, ऑडिओ कोडेक चालत नाही, इंटरलेस्ड चित्र चालत नाही, अशी तिन्ही कारणं तिथे दिसतात. म्हणजे सर्व्हरने चित्र उलगडायचं (डीकोड), आडव्या रेघांची जोडणी करून सलग फ्रेम बनवायच्या (डीइंटरलेसिंग), एच.२६४ मध्ये पुन्हा बांधायचं (एन्कोड) आणि आवाज एएसीमध्ये बदलायचा. यातला आवाजाचा भाग कुठल्याही प्रोसेसरला जड नाही. डीइंटरलेसिंगला मात्र एक बारीक खोड आहे: 'फ्रेमचा वेग दुप्पट करा' ही खूण टेकवली की २५ च्या ५० फ्रेम होतात. क्रिकेटचा चेंडू त्याने खरंच नितळ दिसतो, पण एन्कोडरचं कामही दुप्पट होतं. बातम्यांसाठी त्याची गरज नाही.

आता गंमत अशी, की एसडी चित्राचं हे सगळं काम दहा वर्षांपूर्वीचा साधा ड्युअल कोअर प्रोसेसरही नुसत्या सॉफ्टवेअरवर ओढतो. फ्री डिशच्या लाइव्ह टीव्हीसाठी जोरदार चिप लागतच नाही. चिप लागते ती दुसऱ्या कामाला: 'फोरके' एचडीआर (जास्त उजळ-गडद छटांचे) चित्रपट, दहा बिट एचईव्हीसी (एच.२६४ नंतरचं, जास्त दाबणारं स्वरूप), समोर जुना टीव्ही किंवा घराबाहेरचा फोन. खरेदी त्या हिशेबाने करावी, आणि टीव्हीचा वेग वेगळ्या ठिकाणी शोधावा.

ते वेगळं ठिकाण म्हणजे टीव्हीच्या मागची डबी. बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीला कोडी हा प्लेअर चालवणारं काहीतरी लावा, रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर लिब्रइलेक (कोडीसाठीची प्रणाली) असलं तरी पुरे, आणि कोडीत टीव्हीहेडएंडचं स्वतःचं अ‍ॅडऑन टाका. आता चॅनेल जेलीफिनमधून जातच नाही. ट्यूनरने उचललेला प्रवाह जसाच्या तसा, ९९८२ पोर्टवरून, सरळ कोडीत. लांबलचक तपासणी गेली, तुकडे गेले, ट्रान्सकोडिंग गेलं. उरला फक्त ट्यूनरचा लॉक आणि की-फ्रेम, म्हणजे दोनेक सेकंद. सेटटॉप बॉक्सलाही तेवढे लागतातच. फोन आणि लॅपटॉपला जेलीफिन राहू द्या, तिथे कुणी सारखं चॅनेल बदलत बसत नाही.

चिप

बाजारात अजूनही एक जुना आकडा फिरतो: १०८०पी साठी २००० पासमार्क (प्रोसेसरच्या वेगाचे गुण), फोरके एचडीआरसाठी १७०००. जेलीफिनसारखंच सॉफ्टवेअर असलेल्या प्लेक्सने हे आकडे सॉफ्टवेअर ट्रान्सकोडिंगसाठी, म्हणजे नुसत्या प्रोसेसरवरच्या कामासाठी, दिले होते. चिपमध्ये व्हिडिओसाठी वेगळा भाग असेल तर या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. इंटेलने असा भाग, क्विक सिंक, २०११ मध्ये सँडी ब्रिज चिपांबरोबर आणला, पण आपल्या कामाची रेघ सातव्या पिढीपाशी, म्हणजे केबी लेकपाशी आहे. दहा बिट एचईव्हीसी पूर्णपणे हार्डवेअरवर उलगडायला आणि बांधायला तिथून सुरुवात झाली. त्याच्या मागचं काही घेऊ नये. घरात चौथ्या पिढीचा संगणक पडून असेल तर तो एमपेग-२ आणि एच.२६४ नीट हाताळतो. लिनक्सवर मात्र त्याच्यासाठी जेलीफिनमध्ये क्यूएसव्ही (क्विक सिंक) नव्हे तर व्हीए-एपीआय हा पर्याय निवडावा लागतो, आणि एचईव्हीसीची फाइल आली की तो हात टेकतो.

आजच्या घडीला सरळ उत्तर इंटेल एन१०० हे आहे. २०२३ च्या जानेवारीत आलेली ही चिप: चार कोअर, ६ वॉट, एकच मेमरी चॅनेल. एच.२६४, दहा बिट एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ ही व्हिडिओ स्वरूपं उलगडते. एव्ही१ बांधता मात्र येत नाही, आणि घरात त्याची गरजही नाही. फ्री डिशचे चार-पाच प्रवाह एकदम बदलायला दिले तरी ती दमत नाही. फोरके एचडीआरचं १०८०पी करताना, टोन मॅपिंगसकट (एचडीआरचे रंग साध्या पडद्याला जुळवणं), दोन प्रवाहांचा हिशेब धरावा. तिसरा जमला तर जमला. मेमरी ८ जीबी चालते, १६ घेतली तर बरं. एकच चॅनेल असल्यामुळे दोन पट्ट्या लावून वेग वाढवण्याचा प्रश्नच येत नाही, बहुतेक डब्यांत (लहान संगणकांत) मेमरीच्या पट्टीची जागाही एकच असते.

साधारण त्याच पैशांत ऑफिसमधून निघालेला आय५-८५००टी चा लहान डबा मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात चौकशी केली की असा माल दाखवतात. सहा कोअर असल्यामुळे ट्रान्सकोडिंगखेरीज इतर कामं करायची असतील, फोटोंचा सर्व्हर, घरच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, तर हा बरा. एव्ही१ त्याला हार्डवेअरवर उलगडत नाही आणि निवांत असताना तो एन१०० पेक्षा थोडी जास्त वीज खातो. दुकानात उभं राहून दोन गोष्टी बघाव्यात. एक, प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' नाही ना. १२४००एफ सारख्या चिपमध्ये ग्राफिक्सचा भाग बंद असतो, म्हणजे क्विक सिंकही नाही. असेंबल केलेले स्वस्त संगणक बऱ्याचदा याच चिपचे असतात. दोन, ट्यूनर कार्ड लावायचं असेल तर खाच (स्लॉट) आहे का. पुस्तकाएवढ्या डब्यात खाच नसते; त्याच मॉडेलच्या जरा मोठ्या, आडव्या ठेवायच्या प्रकारात असते, पण ती अर्ध्या उंचीची. ट्यूनरबरोबर अर्ध्या उंचीची धातूची पट्टी (ब्रॅकेट) येते का ते विकत घ्यायच्या आधी विचारावं, नाहीतर कार्ड बसतं आणि झाकण बसत नाही.

रास्पबेरी पाय ५ कडे स्वस्त म्हणून बरेच जण वळतात. टीव्हीमागे ठेवायला तो छान आहे. सर्व्हर म्हणून नाही: त्याच्यात हार्डवेअर एन्कोडर एकही नाही, उलगडणंही फक्त एचईव्हीसीचं. एएमडीच्या ग्राफिक्सवर जेलीफिन चालतं, पण कमी बिटरेटला, म्हणजे सेकंदाला कमी डेटा दिला की, त्याचं एच.२६४ चित्र इंटेलच्या शेजारी ठेवलं की फिकं पडतं. आधीच घरात असेल तर वापरावं, मुद्दाम घेऊ नये. एनव्हिडियाच्या कार्डाने काम उत्तम होतं. घरगुती कार्डांवर एका वेळी किती एन्कोडिंग करता येतील याला ड्रायव्हरमध्ये मर्यादा आहे, २०२३ मध्ये ती ३ वरून ५ झाली आणि पुढे आणखी सैल केली, त्यामुळे आता ती आड येत नाही. आड येते ती वीज. इंटेल आर्क ए३१० किंवा ए३८० ही ग्राफिक्स कार्डं घेणाऱ्याने मदरबोर्डच्या बायोसमध्ये रिसायझेबल बार आणि पीसीआयईची वीजबचत या दोन्ही सोयी आहेत का हे आधी बघावं. जुन्या बोर्डात या नसतात, आणि मग ते कार्ड काही न करता बसल्याबसल्या वीज पीत राहतं.

विजेचं गणित सोपं आहे. वर्षभर अखंड चालणारा एक वॉट म्हणजे ८.७६ युनिट. निवांत असताना १० वॉट खाणारा लहान डबा आणि ६० वॉट खाणारा जुना डेस्कटॉप यांच्यात ५० वॉटचा फरक, म्हणजे वर्षाला ४३८ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ४३८० रुपये. 'घरात पडलेला फुकटचा संगणक' तीन-चार वर्षांत नव्या डब्याची किंमत महावितरणला देऊन बसतो.

डबा घरी आल्यावर

परत करण्याची मुदत संपायच्या आत चाचणी घ्यावी, आणि ती लाइव्ह चॅनेलवर घेऊ नये. एफएफएमपेगच्या लॉगमध्ये शेवटी वेगाचा आकडा येतो. थेट प्रक्षेपणात तो कायम १ च्या आसपासच राहतो, कारण प्रवाहच त्या वेगाने येतोय. हा आकडा बघून 'चिप काठावर आहे' असं समजून डबा परत केलेले लोक आहेत. म्हणून टीव्हीहेडएंडवर दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करा, शिवाय एक फोरके दहा बिट एचडीआर फाइल घ्या. जेलीफिनमध्ये ट्रान्सकोडिंगचं थ्रॉटलिंग बंद करा, नाहीतर ते पुढचं पुरेसं तयार झालं की मुद्दाम थांबतं आणि आकडा फसवा येतो. ब्राउझरमध्ये दर्जा १०८०पी, ८ एमबीपीएसवर उतरवून फाइल लावा. दुसऱ्या खिडकीत इंटेल-जीपीयू-टॉप, ग्राफिक्सचा भार दाखवणारं साधन, चालू ठेवा. त्यातली व्हिडिओची ओळ हलली पाहिजे आणि प्रोसेसर निवांत दिसला पाहिजे. मग दुसऱ्या फोनवर दुसरी फाइल, मग तिसरी. सगळ्या एकदम चालताना एकेकीचा वेग १.५ च्या खाली आला की ती त्या डब्याची मर्यादा समजावी. एकच्या अगदी जवळ गेलेला आकडा म्हणजे जाहिरातींच्या झगमगाटात अडकणार हे नक्की.

व्हिडिओची ओळ शून्यावर आणि सगळे कोअर शंभर टक्क्यांवर असतील तर हार्डवेअर वापरलंच जात नाहीये. सेटिंगमध्ये खूण केलेली असूनही हे होतं, आणि बऱ्याचदा कारण डॉकर, म्हणजे सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवण्याची सोय. कंटेनरला ग्राफिक्सचं उपकरण, म्हणजे डीआरआय फोल्डरातलं रेंडर-डी१२८, द्यावं लागतंच. शिवाय ते उघडायची परवानगी लागते, आणि ती रेंडर नावाच्या गटाकडे असते. गटाचं नाव सगळीकडे तेच असलं तरी क्रमांक प्रत्येक यंत्रावर वेगळा. दुसऱ्याच्या फाइलमधून उचललेला क्रमांक आपल्याकडे भलत्याच गटाचा निघतो. आपल्या यंत्रावरचा क्रमांक बघून तोच द्यावा. डॉकर नसेल तर जेलीफिनच्या वापरकर्त्याला त्या गटात घालून सेवा पुन्हा सुरू करावी. आणि एफएफएमपेग जेलीफिनबरोबर येतं तेच ठेवावं. लिनक्सच्या भांडारातलं बसवलं तर टोन मॅपिंगचे बरेच भाग त्यात नसतात.

एन५०९५ किंवा एन५१०५ या इंटेल चिपचा डबा असेल तर आणखी एक गोष्ट. त्या पिढीत इंटेलचा 'लो-पॉवर एन्कोडर' चालू केल्याशिवाय बिटरेट ताब्यात राहत नाही: ४ एमबीपीएस मागितलं तर भलतंच काहीतरी मिळतं. त्याआधी कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ग्राफिक्सचं फर्मवेअर चढवायला सांगावं लागतं, आय९१५ या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या एनेबल-जीयूसी या पर्यायाला २ देऊन. ते न करता नुसती खूण टेकवली तर प्लेबॅकच चुकतो आणि पडद्यावर फक्त 'प्लेबॅक एरर' येतं, ज्यावरून काहीही कळत नाही.

ट्रान्सकोडिंगचे तात्पुरते तुकडे मेमरीत ठेवावेत असा सल्ला मिळतो, एसएसडी झिजू नये म्हणून. चित्रपटांपुरता तो ठीक आहे. लाइव्ह टीव्हीत मात्र जेलीफिन चॅनेलचा मूळ प्रवाहही त्याच फोल्डरात लिहीत जातं आणि चॅनेल चालू असेपर्यंत ती फाइल वाढतच राहते. ८ एमबीपीएसचं एचडी चॅनेल तासाला ३.६ जीबी भरतं. ४ जीबीचा मेमरी-फोल्डर दिला असेल तर सामना तासाभराने, बरोबर रंगात आल्यावर, बंद पडतो. पुन्हा लावला की चालतो, कारण फोल्डर रिकामा झालेला असतो. 'दर तासाला नेट जातं' अशी तक्रार आली की आधी हा फोल्डर बघावा. तात्पुरत्या तुकड्यांसाठी साधी २५६ जीबीची एसएसडी पुरते, आणि ती झिजायच्या आधी डबाच जुना होतो.

ट्यूनर आणि छत्री

एक ट्यूनर एका वेळी एकाच ट्रान्सपॉन्डरवर बसतो, पण त्या ट्रान्सपॉन्डरवरची सगळी चॅनेलं एकदम देऊ शकतो. म्हणून 'तीन टीव्ही म्हणजे तीन ट्यूनर' हे गणित चुकीचं आहे. तिघे बघत असलेली चॅनेलं एकाच ट्रान्सपॉन्डरवर असतील तर एक ट्यूनर पुरतो, नसतील तर दोनही कमी पडतात. दोन बघणारे आणि एक रेकॉर्डिंग अशा घराला दोन ट्यूनर बहुतेक वेळा पुरतात.

कार्ड, यूएसबी की नेटवर्कवरचा ट्यूनर? खाच असेल तर कार्ड सगळ्यात स्थिर. यूएसबीच्या ट्यूनरला स्वतःचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो, कारण छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल गोळा करणाऱ्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्ट तोच पुरवतो. निव्वळ यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालतो म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नये. कार्ड आणि यूएसबी, दोन्हींना लिनक्सवर ड्रायव्हरचा जाच आहे. टीबीएससारख्या कंपन्यांचे बरेच ट्यूनर कर्नलमध्ये आधीपासून नसलेल्या ड्रायव्हरवर चालतात. तो ड्रायव्हर एकदा बांधून बसवला की सगळं झकास, आणि मग एके रात्री कर्नल आपोआप अपडेट होतो, सकाळी एकही चॅनेल नाही. डीकेएमएसने, म्हणजे कर्नल बदलला की ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणाऱ्या सोयीने, ड्रायव्हर बसवावा, किंवा कर्नलचं अपडेट गोठवून ठेवावं. प्रॉक्समॉक्सवर (एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) व्हर्च्युअल मशीन करणाऱ्यांना याहून सोपी वाट म्हणजे सॅट-आयपीचा डबा, म्हणजेच नेटवर्कवरचा ट्यूनर: छत्रीची केबल त्यात, लॅनची केबल सर्व्हरकडे, ड्रायव्हरच नको. फक्त तो वायफायवर टाकू नये. प्रवाह यूडीपीवर येतो, एक पॅकेट हरवलं की परत मागता येत नाही आणि चित्रात चौकटी फुटतात.

दोन ट्यूनरना एकाच केबलवरून स्प्लिटर लावून सिग्नल द्यायचा मोह होतो. दोघांनी एकच ध्रुवीकरण (लहरींची दिशा, ती १३ किंवा १८ व्होल्टने निवडली जाते) आणि एकच फ्रीक्वेन्सीचा पट्टा मागितला तोवरच ते चालतं; एकाने १३ आणि दुसऱ्याने १८ व्होल्ट दिले की एकाचं चित्र गेलं. दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन केबली हाच पक्का उपाय. पुण्यातून छत्री आग्नेयेकडे, खऱ्या उत्तरेपासून सुमारे १३२ अंशांवर आणि ५९ अंश वर रोखावी लागते. टीव्हीहेडएंडमध्ये सिग्नलची ताकद बघू नका, सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर बघा, आणि त्रुटींचा आकडा शून्यावर थांबलेला असेपर्यंत बोल्ट घट्ट करू नका. उन्हात काठावर चालणारी छत्री पहिल्या जोराच्या पावसात गप्प होते. कोकणात तर ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री घेतलेली बरी. मार्च आणि ऑक्टोबरात सकाळी ११ च्या आसपास काही दिवस काही मिनिटं सूर्यच उपग्रहाच्या मागे येतो आणि चित्र जातं. तेव्हा छत्री हलवायला गच्चीवर जाऊ नये.

टीव्हीहेडएंडच्या सेटिंगमध्येही दीड-दोन सेकंद दडलेले असतात. ट्यूनरची वीजबचत चालू असेल तर दर वेळी एलएनबीला जागं करावं लागतं, ती बंद करा. रिकाम्या वेळी चालणारं स्कॅन आणि हवेतून कार्यक्रमपत्रिका गोळा करणं या दोन्ही गोष्टी ट्यूनर अडवून बसतात. तुम्ही चॅनेल मागितलं की तो भलत्या ट्रान्सपॉन्डरवरून परत येतो. स्कॅन बंद करा, पत्रिका पहाटेच्या वेळेवर टाका. जेलीफिनला प्रवाह देताना प्रोफाइल 'पास' ठेवा म्हणजे टीव्हीहेडएंड मध्ये लुडबुड करत नाही. जेलीफिनला यादी दिसते आणि चॅनेल उघडत नाही, असं झालं तर बहुतेक वेळा पासवर्डाची पद्धत आड येते: टीव्हीहेडएंड नुसतं डायजेस्ट (पासवर्ड लपवून पाठवायची पद्धत) मागतंय. ते 'दोन्ही'वर (साधी आणि डायजेस्ट) करा आणि टीव्हीहेडएंडचं पोर्ट घराबाहेर उघडू नका.

रेकॉर्डिंगला डिस्कचा वेग लागत नाही. ३ एमबीपीएसचं एसडी चॅनेल तासाला १.३५ जीबी, चार रेकॉर्डिंगं एकदम चालली तरी १२ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला दीड मेगाबाइट. सीसीटीव्हीसाठी विकतात ती डिस्क इथे चपखल बसते: दिवसरात्र सलग लिहिण्यासाठीच बनवलेली आणि कुठल्याही कॅमेरेवाल्याकडे मिळणारी. चित्रपटांच्या बाबतीत एक सापळा टीव्हीत आहे. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, आणि फोरके ब्लू-रेचा मूळ प्रवाह मध्येच त्याच्या वर उडी मारतो. केबल काढून ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाकलं की तेच चित्र सरळ चालतं. ऐकायला उलटं वाटतं, पण आधी हे करून बघावं, मग सर्व्हरला दोष द्यावा.

लाइट जाण्याचा विचार डबा निवडतानाच करावा. काही लहान डबे १२ व्होल्टवर चालतात, काही १९ वर. १२ व्होल्टचा घेतला तर राउटरसाठी मिळतो तसला छोटा डीसी यूपीएस त्यालाही चालतो, फक्त अँपिअर तपासून घ्यावेत: डब्याचा अ‍ॅडॉप्टर ३ अँपिअरचा आणि यूपीएस २ चा असेल तर नेमकं ट्रान्सकोडिंग सुरू झाल्यावर डबा बंद पडतो. यूएसबीचा ट्यूनर असेल तर त्याचा अ‍ॅडॉप्टरही यूपीएसवर लागतो. तो राहून गेला तर सर्व्हर जिवंत राहतो आणि ट्यूनर जातो. लाइट आल्यावर टीव्हीहेडएंडला तो नवाच ट्यूनर वाटतो, आणि सेवा पुन्हा सुरू करेपर्यंत रात्रीची रेकॉर्डिंगं रिकामी पडतात.

फ्री डिशच्या जागांचा लिलाव दर वर्षी होतो आणि १ एप्रिलच्या सुमारास चॅनेलं इकडची तिकडे होतात. त्या आठवड्यात चॅनेल उघडायला वीस सेकंद लागून 'प्लेबॅक एरर' येऊ लागलं तर डबा उघडू नका, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलू नका. टीव्हीहेडएंडमध्ये नेटवर्कचं स्कॅन पुन्हा चालवा, हरवलेल्या सेवा काढून टाका, नव्या जोडा, आणि जेलीफिनमध्ये चॅनेलची यादी ताजी करा. अर्ध्या तासाचं काम आहे.